गिऱ्हाईकाचा कोट

शिंप्याच्या बारकीला जिवाभावाची म्हणावी अशी मैत्रीण एकच, आणि तीही समुद्रापलीकडची. शाळेतल्या बाईंनी पत्ता दिला होता. तिकडे मोठं घर, दारात दोन गाड्या. इकडे दुकानामागची एक खोली, तिच्यात बाप, लेक आणि चिंध्यांची गाठोडी. पण पत्रात कोण कुणाचं घर बघायला जातंय? मोडक्यातोडक्या परक्या भाषेत दोघी पोटातलं सगळं ओतायच्या. वर्गात बारकीशी धड कुणी बोलत नसे, म्हणून पोस्टमन दिसला की पोरगी अनवाणीच धावायची.

एकदा पत्राऐवजी पार्सल आलं. आत निळा लोकरी कोट. भारीतला, पण अस्तर उसवलेलं, एक बटण गायब. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

"दुरुस्तीला पाठवलाय!" बारकी म्हणाली. "मीच लिहिलं होतं ना, बाबांच्या हाताला तोड नाही म्हणून."

शिंप्याच्या घरात दुसरं काय सुचणार? आलेला कपडा गिऱ्हाईकाचा. मैत्रिणीनं मागच्या पत्रात हिची उंची विचारली होती, ते मेलं डोक्यातच आलं नाही. बापलेकीनं अस्तर बदललं, बटण जुळवून आणलं. बाहेर थंडी मी म्हणत होती. बारकीनं हळूच कोट अंगावर चढवला. खांदे, बाह्या, सगळं कसं माप घेऊन बेतल्यासारखं!

"काढ आधी!" बाप खेकसला. "गिऱ्हाईकाचा कपडा अंगात घालायचा नाही, किती वेळा सांगायचं?"

इस्त्री करून कोट परत गेला. चिठ्ठीशिवायच. केलेलं काम बोलून दाखवू नये, ही बापाची शिस्त.

उत्तर आलं ते एवढंसं. "तुझ्यासाठीच पाठवला होता. तू अवघडशील म्हणून चिठ्ठी ठेवली नाही. माझं जुनं नको होतं तर तसं लिहायचंस. आई म्हणते, तुझा अपमान झाला असेल, मी आता तुला त्रास देऊ नये."

बारकी ढसाढसा रडली. मग पत्रांवर पत्रं लिहिली: नको नव्हता गं, फार आवडला होता. ती पत्रं पोचली, का मैत्रिणीच्या आईच्याच हातात अडकली, देव जाणे. एकाचंही उत्तर नाही. आता पोस्टमन गल्लीतून जातो, तेव्हा ती मान वर करत नाही.

पुढच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी मुलीचा कोट दुरुस्तीला आला. शेवटचा टाका घालून शिंप्यानं तो झटकला, जरा घुटमळला आणि लेकीपुढं धरला.

"अंगात घालून बघ गं."

बारकीनं कोट घेतला, नीट घडी घातली आणि फडताळात ठेवला.

"गिऱ्हाईकाचा आहे, बाबा."