झाकणावरची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी, दोन टाक्यांची कपडे धुण्याची मशीन आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगते. मी बिघडले नव्हते. ज्या उन्हाळ्यात साऱ्या आळीने मला कुचकामी ठरवलं, परदेशातलं भंगार म्हटलं, त्या उन्हाळ्यातही माझी मोटर ठणठणीत होती.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून माझं अंग घडवलं गेलं. एका टाकीत कपडे धुवायचे, दुसऱ्या अरुंद टाकीत ते गरागरा फिरवून पिळायचे, अशी कामं मला नेमून दिली आणि एक शिस्तही लावली. पिळायच्या टाकीच्या झाकणाखाली बोटभर जीभ आहे. झाकण नीट बसलं की ती आतलं बटण दाबते, मगच टाकी फिरते. झाकण जरा वर राहिलं तरी फिरायचं नाही, कारण फिरत्या टाकीत कुणाचा हात गेला तर तो धड बाहेर येत नाही. ही शिस्त मी एकदाही मोडली नाही आणि तिच्याच पायी मला बोलणी खावी लागली.

बहारीनला नोकरी करणाऱ्या फेबियनने मला बायकोसाठी घेतलं. सालोमी तिचं नाव. विहिरीच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण या हाताने ओले कपडे पिळायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं. आणि घरात सासूबाई, उर्सुला, कायम लुगडं नेसणाऱ्या. भिजलेलं लुगडं दोघींनी दोन टोकं धरून, दोर वळावा तसं पिळावं लागतं.

मी बोटीने मुंबईला आले, टेम्पोने वसईला, आणि शेवटी केळीच्या वाडीतल्या पायवाटेने माणसांच्या खांद्यावरून घरी. आळीतल्या बाया बघायला जमल्या. पिळलेलं पहिलं लुगडं उर्सुलाने गालाला लावून पाहिलं. "अर्धं सुकलं गे," ती म्हणाली. शेजारच्या मटिल्डाबाईंना मात्र ते कौतुक पचलं नाही. हात मोडला की मशीन मिळते हे ठाऊक असतं तर आपणही कधीच घसरलो असतो, असं त्या जाता जाता बोलून गेल्या.

आता उर्सुलाची एक सवय सांगायला हवी. तिच्या घरात कुठली वस्तू उघडी राहत नसे. रेडिओवर क्रोशाची जाळी, तांब्यावर मणी लावलेली जाळी, घरातल्या आल्तारवर, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्यावर, सगळ्यात नाजूक जाळी. मुलाने पाठवलेली एवढी थोरली मशीन उघडी कशी राहणार? दुपारची जेवणं आटोपली की ती ओटीवर बसून जाड सुताने विणत राही. शेवटी एका रविवारी माझ्या दोन्ही झाकणांना दोन टोप्या चढल्या. कडेला गोंडे, घट्ट बसावं म्हणून आतून इलॅस्टिक. धुवायच्या टाकीला त्याची अडचण नव्हती, तिला अशी जीभच नाही. पिळायच्या टाकीच्या झाकणाखाली मात्र ती जाड कड दुमडून बसली, झाकण करंगळीभर वर राहिलं आणि जीभ बटणापर्यंत पोचेना.

नेमक्या दुसऱ्याच दिवशी सालोमीने पाहुण्यांच्या चादरी धुवायला काढल्या. चादरी धुतल्या गेल्या, पण पिळायची टाकी जागची हलली नाही. झालं! सुनेने वाटेल तेवढं कोंबलं आणि नवी मशीन मोडली. मटिल्डाबाईंनी हे आळीभर केलं. सुट्टी संपवून परत जाणाऱ्या कुणीतरी ते बहारीनपर्यंत पोचवलं.

"मी दोनच चादरी घातल्या होत्या, आय," सालोमी सासूला एवढंच म्हणाली. उर्सुलाने तिला खोटी म्हटलं नाही, पण खरी असंही म्हटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. दोघींच्या नाकासमोर माझं झाकण वर उचललेलं होतं!

मग हरेश्वरला बोलावलं. वालीवला एका कारखान्यात तो मोटरी दुरुस्त करायचा. उर्सुलाने त्याला आधीच सांगून ठेवलं की जे काय करायचं ते मागच्या बाजूने कर, तेलकट हात जाळीला लागता कामा नयेत. धुवायची आणि पिळायची अशा माझ्या दोन मोटरींपैकी पिळायची त्याने बाहेर काढली, सरळ वायर जोडली, मोटर भिरभिरली. परत बसवली, की मी गप्प. बराच वेळ डोकं खाजवून त्याने निकाल दिला, की मोटर उत्तम आहे, पण हिला आपल्याकडची वीज मानवत नाही. वीज मानवत नाही म्हणे! त्याच विजेवर, त्याच्याच समोर, माझी शेजारची टाकी त्याचा मळका रुमाल धूत होती. पण विचारतो कोण? उर्सुलाचा भाऊ मार्सेल येऊन सांगून गेला, की कामणजवळ एक भंगारवाला आहे, क्रुसाचा सण झाला की तो येऊन उचलून नेईल.

तोवर पिळायचं काम पुन्हा सालोमीच्या हातांवर आलं. तिने तक्रार केली नाही. ती करायला हवी होती असं माझं आजही मत आहे.

सणाच्या आदल्या दिवशी उर्सुला मागच्या पडवीत माझ्याकडे आली. मशीन जायची तर जाऊ दे, आपल्या हातची जाळी भंगारवाल्याला फुकट का द्यायची, असा तिचा विचार. तिने दोन्ही टोप्या ओढून काढल्या आणि बादलीत भिजत टाकल्या. सणाचं लुगडं धुऊन झालं होतं, ते पिळायला तिने सालोमीला हाक मारली. सालोमीने डाव्या हाताने टोक धरलं.

"दोन्ही हात लाव की. एका हाताने काय पिळतेस?"

सालोमीने पदराखालचा उजवा हात काढून लावला. उर्सुलाने पीळ दिला. सालोमी ओरडली नाही, पण तिच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून कोंबड्यासुद्धा पांगल्या. टोक सुटलं, लुगडं फरशीवर पडलं. मनगट पावासारखं फुगलं होतं. उर्सुलाने तिला पायरीवर बसवलं, लुगडं गोळा करून माझ्या पिळायच्या टाकीत कोंबलं, झाकण आदळलं आणि साऱ्या जगाचा राग काढावा तसं माझं बटण पिरगळलं.

"जाताना तरी फिर!"

मी फिरले. न फिरायला मला कारणच उरलं नव्हतं.

आवाज ऐकून कुंपणापलीकडून मटिल्डाबाई धावत आल्या. क्रुसाची कृपा झाली, आपणही प्रार्थनेत या मशीनचं नाव घेतलं होतं, वगैरे वगैरे. उर्सुलाने बादलीतली टोपी उचलली, ओलीच झाकणावर चढवली, बटण फिरवलं. मी गप्प. टोपी काढली, पुन्हा फिरवलं. मी सुरू. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. क्रुसाची कृपा म्हणून सारं खपून गेलं असतं, आणि मी चिडून पत्रा फाडून घेतला असता.

"कृपा नाही, मटिल्डा," ती म्हणाली. "माझी जाळी अडत होती. सालोमीने काही मोडलं नाही. उलट तिचा हात मी पुन्हा मोडायला बसले होते. आता हे पण सांग जा आळीत."

मटिल्डाबाईंना अचानक चुलीवरचं दूध आठवलं. सालोमी पायरीवर रडत होती. उर्सुलाने तिच्या मनगटाला ओला पंचा गुंडाळला आणि लुगडं एकटीने वाळत घातलं. ते अर्धं सुकून हलकं झालं होतं. माझं काम होतं ते. सणानंतर आलेल्या भंगारवाल्याला तिने दारातूनच परत पाठवलं.

पण तो हात पूर्ववत झाला नाही. आजही सालोमीला घट्ट मूठ वळता येत नाही, आणि या गोष्टीचा माझा राग गेलेला नाही. माझी माफी कुणी मागितली नाही, त्याचं मला काही नाही. मी पत्र्याची आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरची मशीन अडली तर तिला शिव्या घालण्याआधी झाकण नीट बसलंय का ते बघा. आणि घरातलं माणूस अडलं तर आधी त्याचा हात हातात घेऊन बघा. नंतर सांगत सुटायला आळी कुठे पळून जात नाही.