साखळी कुणाच्या हातात

आमच्या घरात सकाळचा चहा कधी गरम प्यायला मिळत नाही. कप भरले की सासूबाई डोक्यावर पदर घेतात, डोळे मिटतात आणि अख्ख्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांची, नावं देवापुढं घेत सुटतात. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा पोरगा नोकरीच्या शोधात पुण्याला गेलाय. रोज नळावर भांडणारी शेजारीणसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. आमेन होईपर्यंत चहावर साय धरते. माझे मिस्टर सयाजी आणि आमची सात वर्षांची अवनी निमूट बसतात. मीही बसते, पण एक डोळा कपावर ठेवून.

मी काही या घराण्यात येऊन ख्रिस्ती झालेली नव्हे. माझं माहेरही प्रार्थनेचंच. पण अवनी पोटात असताना मी रोज गुडघे टेकून एकच मागणं मागितलं होतं, लेकरू धडधाकट दे. लेकरू आलं ते हृदयाला भोक घेऊन. तेव्हापासून मी देवाशी अबोला धरला. रविवारी चर्चला जायची, गाणी म्हणायची, पण माझ्या मनातला एक शब्द त्याला सांगायची नाही. सासूबाईंना हे कळत होतं. त्या मला बोलत नसत, आणि त्यानंच माझं डोकं जास्त फिरायचं. चार शब्द सुनावले असते तर मला तरी भांडता आलं असतं.

यंदा डॉक्टर म्हणाले, आता थांबून चालणार नाही, भोक बुजवायलाच हवं. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. सयाजीनं उचगावच्या कारखान्यातून रजा काढली, मी अवनीची बॅग भरली आणि सासूबाईंनी साखळी ठरवली.

साखळी म्हणजे आमच्या मंडळीची जुनी रीत. कुणावर संकट आलं की त्या दिवसाचे तास घराघरांत वाटून घ्यायचे. आपापल्या तासाला आपापल्या घरी बसून प्रार्थना करायची. तास संपला की पुढच्याला फोन करायचा, "सलाम. साखळी आता तुमच्या हातात," असं म्हणायचं, कुणासाठी आणि कशासाठी ते सांगायचं आणि फोन ठेवायचा. खुशाली विचारायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, कारण बोलत बसलं की तेवढा वेळ साखळी कुणाच्याच हातात नसते. आणि एकदा दुसऱ्यानं धरली की आपण निवांत राहायचं. सासूबाई म्हणतात, दिल्यावर पुन्हा काळजी करायची असंल तर दिली कशाला?

"क्रांती, तुझा कुठला तास धरू गं?" त्यांनी मला विचारलं.

"आत्याबाई, मी आई आहे. मला त्या दिवशी वेळ नसणार," मी तोडून टाकलं. त्यांनी मान हलवली आणि तो तास स्वतःकडं घेतला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अवनीला ढगळ हिरवा झगा घालून नेलं. दाराशी तिनं मागं वळून आम्हा दोघींकडं पाहिलं. "आज घरात प्रार्थना न्हाय झाली. मम्मी, तू चहा गरम पिलीस व्हय?"

"पिले की," मी म्हणाले. चहाचा घोटही घशाखाली गेला नव्हता.

सासूबाईंचा तास दुपारचा होता. बाकड्यावरच त्यांनी पदर घेतला, डोळे मिटले आणि ओठ हलवत बसल्या. तास झाल्यावर चष्म्याशिवायच फोन डोळ्यांपाशी नेला, बटण दाबलं आणि घाईनं म्हणाल्या, "सलाम, बाळासो. साखळी आता तुमच्या हातात. अवनी, सात वर्सांची पोर, काळजाचं ऑपरेशन चाललंय. देवाला हाक मारा." लगेच फोन ठेवला. समोर 'मोबाईल बंद ठेवावा' अशी पाटी होती, तशी त्यांनी तो बंदही करून टाकला. एक केळं खाल्लं आणि भिंतीला डोकं टेकून चक्क झोपल्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आत नात टेबलावर, आणि ही बाई घोरतेय! त्यांच्यानंतरचा तास बाळासो मास्तरांचा होता. मास्तर उचगावला राहतात, मंडळीचे वडीलधारे, साखळीच्या नियमांना फार कडक. मास्तरांनी धरलीय म्हणून ही निवांत, मी मनात म्हटलं, आणि माझा जीव टांगणीला.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंडावरची पट्टी खाली केली.

"भोक नीट बुजवलंय," ते म्हणाले. "पण मशीन काढलं की हृदय स्वतःहून चालत नाही. पुन्हा मशीनवर घेतलंय. त्याला थोडी विश्रांती देतो आणि परत प्रयत्न करतो."

"परत नाही झालं तर?"

"तसं आत्ताच बोलायला नको," एवढं म्हणून ते आत गेले. सयाजी रक्ताच्या पिशव्या आणायला धावला. सासूबाईंना मी उठवलं नाही. उठवून काय सांगणार होते? मी फेऱ्या मारत राहिले. प्रार्थना ओठांवर यायची आणि मी दात आवळून ती मागं ढकलायची. एकदा मागितलं होतं, पुरे झालं.

उन्हं कलायला लागली तरी आतून निरोप नव्हता. तेवढ्यात जिन्यावरून बाळासो मास्तर धापा टाकत आले, हातात छत्री.

"काय झालं? ऑपरेशन पुढं ढकललं व्हय?"

मला क्षणभर कळेना. "मास्तर, तुम्ही... साखळी तुमच्याकडं होती ना?"

"माझ्याकडं कुठली? मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून फोनची वाट बघत बसलोतो. फोन आलाच न्हाय. हातात दिल्याबिगर धरायची न्हाय, अशी आपली रीत. वाटलं, ऑपरेशन रद्द झालं असंल. मग जरा डोळा लागला." ते ओशाळले. "मला आली न्हाय म्हंजे पुढं कुणालाच गेली न्हाय. तुझ्या सासूबाईंना, बयाबाईंना फोन केला तर बंद. म्हणून रिक्षा करून आलोय."

सासूबाई जाग्या झाल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी तर दिलीती की बाळासोला... दुपारधरनं कुणीच न्हाय? आनि मी झोपले?" रोज पहाटे उठून देवाशी बोलणारी ती बाई लहान पोरासारखा माझा पदर धरून होती. "क्रांती, साखळी तुटली गं. माझ्या हातनं तुटली."

एरवी मी त्यांना टोमणा मारला असता. त्या दिवशी मारला नाही. दुपारपासून, म्हणजे अवनीचं हृदय चालायला तयार नव्हतं तेव्हापासून, तिच्यासाठी कुणीच हाक मारत नव्हतं. आणि मी जागी असून गप्प होते. पहिल्यांदा मला त्या शांततेची भीती वाटली.

मी त्यांचा फोन घेतला आणि सुरू केला. दुपारी गेलेला शेवटचा फोन एका बाळासोला होता, पण मास्तरांना नव्हे. "हा कोण, आत्याबाई?"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "अगं बाई! ह्यो तर गारगोटीचा बाळासो. गेल्या साली तिथल्या बाजारात तांदूळ घेतलातो त्याच्याकडनं. पुन्हा लागला तर सांगा म्हणून नंबर दिलाता."

माझा राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. एक चुकीचा फोन आला तर उलट फोन करून विचारता येत नाही? मी नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला.

"अवो पावणं, कुठं हुतासा? कवाधरनं फोन लावतोय, बंदच लागतोय! पोरगी कशी हाय?"

मी भिंतीला टेकले. "तुम्हाला... तुम्हाला फोन चुकून लागला होता. तो दुसऱ्या बाळासोंना करायचा होता."

"असंल की. मला बी वाटलंच, आपली वळख न्हाय. पर म्हातारीनं सांगिटलं, पोरीचं काळीज फाडलंय, देवाला हाक मारा. आता आइकल्यावर काय गप बसू व्हय? म्हशी बांधल्या आनि बसलो बांधावर."

"दुपारपासून?"

"मग? बायकू जेवाय बोलवाय आलती, तिला म्हटलं, ऊठता येत न्हाय, साखळी माझ्या हातात हाय." तो जरा थांबला. "ताई, तुमचा देव कसा, त्याला काय म्हंत्यात, मला कायबी ठावं न्हाय. मी म्हटलं, ज्यानं ही पोर घडीवली त्यानं आईक. अवनी नाव हाय, काळीज चालू ऱ्हाऊ दे. एवढंच म्हनत बसलोय."

"पण तुम्ही तासाभरानं सोडायला हवी होती," मी कसंबसं म्हणाले.

"कुणाच्या हातात द्यायची, ते म्हातारीनं सांगिटलंच न्हाय की. मग सोडू कशी?"

आमची नावं ठरलेली होती, तास वाटलेले होते, धुतलेला शर्ट घालून मास्तर बसलेले होते, आणि ते सगळं एका चुकलेल्या बोटानं कोलमडलं होतं. तरी साखळी तुटलेली नव्हती. देवानं ती गारगोटीच्या एका बांधावर, त्याला काय म्हणतात तेही ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात धरून ठेवली होती. मी त्याच्याशी अबोला धरून बसले होते, आणि तो माझ्या लेकरासाठी कुठं कुठं माणसं बसवत होता! मला रडू आलं. मला त्याची भीती वाटली आणि त्याच्याजवळ जावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

"दादा," मी म्हणाले, "माझ्या हातात द्या. मी तिची आई."

पलीकडं घसा खाकरल्याचा आवाज आला. मग त्यानं दुपारी ऐकलेले शब्द सावकाश, एकेक करून म्हटले, "सलाम. साखळी आता तुमच्या हातात. अवनी, सात वर्सांची पोर, काळजाचं ऑपरेशन चाललंय. देवाला हाक मारा."

मी दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकले. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या, पण काही बोलल्या नाहीत. तास माझा होता. "बापा," मी म्हटलं, आणि सात वर्षांत पुढचं सगळं विसरून गेले होते. काय मागायचं, कसं मागायचं, काही सुचेना. "बापा, ती तुझी आहे. मी तिला तुझ्यापासून राखून ठेवली होती. आता तूच धर. येशूच्या नावानं मागते." आमेन म्हणायचं धाडस झालं नाही. तेच तेच पुन्हा म्हणत राहिले.

किती वेळ गेला माहीत नाही. दार उघडलं. डॉक्टर माझ्यासमोर खाली वाकले.

"उठा," ते म्हणाले. "मशीन काढलंय. आपलं आपण चाललंय, छान चाललंय. अजून दोन दिवस जपायचं, पण चाललंय."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तरांच्या हातातली छत्री खाली पडली. मी तेव्हा मोठ्यानं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, आमेन म्हणाले.

मग पुन्हा गारगोटीला फोन लावला. या वेळीही पहिल्याच घंटेला उचलला.

"दादा, अवनीचं हृदय सुरू झालं!"



"लई बरं झालं, ताई," तो म्हणाला. "मग मी उठू आता? म्हशी दुपारधरनं वरडायल्यात, त्यास्नी पाणी दावतो."