जुबेदाचाचीच्या ओट्यावरचं ऊन

मंठ्याच्या एका शाळेत राजानंद सर इतिहास शिकवायचे. डिसेंबरातल्या एका सकाळी वर्ग गारठून बसला होता, म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि जुने रोमन लोक थंडीत काय करायचे ते सांगायला घेतलं. सार्वजनिक न्हाणीघरांतल्या गरम खोल्यांच्या मोठाल्या खिडक्या ते नैर्ऋत्येला ठेवत. दुपारनंतर लोक न्हायला आले, की ऊन थेट आत. खिडकीला काच, म्हणजे उजेड येतो पण ऊब पळत नाही. श्रीमंतांकडे तर ऊन खायला वेगळी खोलीच असे.

"आन् शेजाऱ्यानं बांधकाम करून त्या खोलीचं ऊन तोडलं, तर कायदा आडवा यायचा!" सर रंगात येऊन म्हणाले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात महजबीननं. ती सरांच्या घरासमोरच्या जुबेदाचाचीची नात.

रविवारी सर घराबाहेर पडले, तर चाची गल्लीच्या तोंडाशी, हातपंपाजवळच्या दगडावर उन्हात गोधडी शिवत बसलेली. एरवी ती आपल्या ओट्यावर बसायची. ओटा दक्षिणेला उघडा, गुडघे शेकायला बराबर. पण दिवाळीनंतर समोर सरांच्या वरच्या मजल्याच्या भिंती उठल्या आणि ओट्यावर दिवसभर सावली पडू लागली. सरांनी ते पाहिलं होतं. पाहून मान वळवली होती.

"सर, महजबीन सांगून राह्यली, तुमी लई अच्छं शिकवलं," चाची कौतुकानं म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "उन्हाचा कायदा व्हता म्हणे. आपल्याकडं न्हाई का असं काई?"

नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरनं सरांना आधीच बजावलं होतं, समोरच्यांचा उजेड अडतोय, तक्रार होऊ शकते, एकदा विचारून घ्या. तेव्हा सर हसून म्हणाले होते, "चाची काय बोलणारय?"

"न्हाई चाची," सर आता म्हणाले. "आपल्याकडं तसं काई न्हाई."

"मंग ठीक ए," म्हणून ती सुईत दोरा ओवू लागली.

सर गल्लीबाहेर पडले. खोटं किती सहज निघालं तोंडातून! सोमवारी वर्गात महजबीननं हात वर केला, तर त्यांना तिच्याकडं बघवेना.

त्या संध्याकाळी त्यांनी मच्छिंद्र मिस्त्रीला वरच्या भिंती उतरवायला सांगितलं. सरांच्या पत्नी सुरेखाबाई भडकल्या.

"येड लागलं का तुमाला? स्लॅब आठ दिवसांवर आला न्हवं?"

"चाचीचं ऊन गेलं," एवढंच ते बोलले. कायद्याबद्दल चाचीशी खोटं बोललो, हे बायकोलाही सांगायची लाज वाटली.

भिंती उतरल्या. ऊन ओट्यावर आलं आणि चाचीही. मग सर गल्ली ओलांडून तिच्यापुढं उभे राहिले.

"चाची, त्या दिवशी मी खोटं बोललो. तुमाला तक्रार करता आली असती. मला माहीत व्हतं."

चाचीचा हात थांबला. सर वाट बघत राहिले, ती चिडेल, निदान काही विचारेल. तिनं गोधडी गुंडाळली.

"भिंतीचं मला काई वाटलं न्हवतं, सर," ती हळूच म्हणाली. "घर बांधलं की सावली पडतेच. पण मी तर तुमाला भरोशानं इचारलं व्हतं."

ती उठून आत गेली. सर तिथंच उभे राहिले, रिकाम्या ओट्यासमोर, उन्हात.