पोचा आलेल्या किटलीचे म्हणणे

मी एक जुनी स्टीलची किटली आहे. झाकण हरवलेले, पोटाला भला मोठा पोचा. एवढे ऐकून लोक हळहळतात. मित्रांनो, तुम्ही ती तसदी घेऊ नका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी इतर किटल्यांसारखीच गुळगुळीत होते. शाळेच्या शिक्षकखोलीत चहा करणे हे माझे काम. चहाची स्तुती व्हायची, किटलीची कधी नाही. एकदा घंटा द्यायला धावताना शिपाईमामांच्या हातून निसटले आणि जिन्यावरून गडगडत थेट तळाशी. पोचा आला, बूड गळू लागले, आणि माझी बदली चित्रकलेच्या वर्गात झाली. बाकीच्या कामांत नापास झालेल्यांना कलेत घेतात, ही रीत माणसांतही आहे असे ऐकते.

बाई मला स्टुलावर ठेवून म्हणत, "समोर जे आहे ते काढा." मुले मात्र समोर जे असायला हवे ते काढत. गुळगुळीत पोट, वर झाकण, तोटीतून वाफ. वर्षानुवर्षे मी त्या कुण्या परक्या किटलीची चित्रे बघत बसले.

मग मुंगी आली. अंगाने एवढीशी मुलगी, म्हणून मुंगी. ती नुसती बघतच बसली.

"काय गं, सुचत नाही?" बाईंनी विचारले.

"सुचायचं कशाला, बाई? दिसतंय की. हिच्या पोच्यात आपली खिडकी आहे, उलटी. तुम्ही पण आहात."

"मी कशी दिसते?"

"जाड."

बाईंनी वाकून पाहिले. "खरंय. काढ."

तिने सगळे काढले. वाकलेले गज, वाळत घातलेली छत्री, डोक्यावर उभ्या बाई. ते चित्र शाळेच्या प्रदर्शनासाठी निवडले गेले. मुंगीचे हे पहिलेच. तिच्या आईने कामावरून अर्ध्या दिवसाची रजा मागून ठेवली.

आदल्या दिवशी मुख्याध्यापक पाहणीला आले. "छान आहे. फक्त हा पोचा पुसून टाक. पाहुणे म्हणतील, शाळेत धड किटली नाही."

"नाहीच आहे, सर," मुंगी म्हणाली. "आणि पोचा पुसला तर खिडकी जाईल. बाई पण जातील."

बाई गप्प राहतील असे मला वाटले. नोकरी त्यांनाही होती. त्या म्हणाल्या, "सर, मी जायला तयार नाही."

"मग हे चित्र भिंतीवर राहणार नाही."

मुंगीने चित्र खिळ्यावरून उतरवले आणि गुंडाळले. खोडरबर काही तिने दप्तरातून काढला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी बाईंनी त्या रिकाम्या खिळ्याखाली स्टूल ठेवले आणि त्यावर मला. भिंतभर डोंगरांमागून सूर्य उगवले होते, सगळे एकाच वेळी. पाहुणे माना डोलवत पुढे सरकत आणि माझ्यापाशी थबकत. वाकून पोच्यात आपले नाक बघत. एका आजोबांनी दातही तपासून घेतले.

मुंगीची आई आली. "तुझं कुठंय गं?"

मुंगीने सगळी हकीकत सांगितली आणि गुंडाळी पुढे केली. आईने चित्र उलगडले, एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा चित्राकडे. मग ते छातीशी धरून माझ्या शेजारी उभी राहिली.

मुख्याध्यापक लगबगीने आले. "अहो ताई, हे लावायचं नाही असं ठरलंय."

"लावलंय कुठं? मी धरलंय."

प्रदर्शन संपेपर्यंत ती तशीच उभी होती. मध्येच तिचा हात दुखला की बाई येऊन चित्र धरत.

दुसऱ्याच दिवशी मला भंगारात काढण्याचा हुकूम निघाला. निघू दे. मित्रांनो, मला घासा, ठोकून सरळ करा, अशी विनंती मी करणार नाही. तुमच्याही घरात एखादे वाकडे भांडे, तडा गेलेली भिंत, एखादे चिडके काका असतीलच. त्यांना फेकण्याआधी किंवा सुधारण्याआधी नीट बघा. दिसेल ते काढा. आणि कुणी पुसायला सांगितले, तर सरळ सांगा, हात दुखतोय.