मजल्यावरचं पहिलं दार

"घरात काही सांडलं तरी मी, इथे काही पडलं तरी मीच. एकदा कपाळावरच लिहून घेते, म्हणजे पंचनाम्याचा कागद तरी वाचेल."

धाकटी हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. दातांत स्क्रू धरून समोरच्या हिरव्या बोर्डाशी पुटपुटत होती. पण मधल्या फळीच्या अलीकडे थोरली बसली होती, आणि फळीला कान नसले तरी थोरलीला होते. तिनं कीबोर्डवरची बोटं थांबू दिली नाहीत. पडद्यावर काहीबाही उमटत राहिलं, ते तिनं नंतर पुसून टाकलं.

नवा बोर्ड पुन्हा बंद पडला होता. रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या यंत्राचा तो बोर्ड. नाडी दाखवायची, वेळप्रसंगी घंटा वाजवायची आणि काही झालं तरी मध्येच बंद पडायचं नाही, एवढंच त्याचं काम. जुना बोर्ड ते इमानेइतबारे करत असे. नवा दिवसाआड मान टाकत होता. मान टाकताना शेवटच्या श्वासात तो एक कागद छापायचा: यंत्राच्या स्मृतीतल्या कुठल्या पत्त्यावर पडलो आणि ती जागा कोणाची. त्या कागदाला ऑफिसात पंचनामा म्हणत. पंचनाम्याची ती करामत थोरलीची होती, फार पूर्वी लिहिलेली, आणि आजवर ती कधी खोटी ठरली नव्हती. गेले काही आठवडे प्रत्येक पंचनाम्यावर एकच नाव येत होतं: बटणं. यंत्राच्या बटणांवर लक्ष ठेवणारा भाग धाकटीचा होता.

साहेब चहाचा कप घेऊन दारात आले.

"काय, पुन्हा बटणंच का?"

"बटणंच," धाकटीनं स्क्रू तोंडातून काढला.

"बघा बुवा. शुक्रवारी मला वर नाव कळवायचंय, नव्या बोर्डाची सूत्रं कोणाकडे ते. तशा तुम्ही दोघी सारख्याच. पण आता हे असं..." त्यांनी कपाकडे पाहिलं, मग थोरलीकडे, मग पुन्हा कपाकडे. "बघा."

ते गेल्यावर थोरलीच्या पोटात काहीतरी ऊबदार पसरलं. चहा तिनं अजून घेतलाही नव्हता.

त्या जावा-जावा होत्या. एकाच घरात राहायच्या, एकाच बसनं यायच्या, शेजारशेजारी बसायच्या. यंत्राच्या आतला कारभार सांभाळणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, कर्नल, त्याच्यावर दोघींचं काम. सासूबाई तो शब्द इतक्या अभिमानानं उच्चारायच्या, की कोपऱ्यावरच्या शेजारणीला बरेच दिवस वाटत होतं, दोन्ही सुना सैन्यात आहेत.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा एका दुकानात बिलं करायची. तिला हे वेड लावलं थोरलीनंच. भांडी आवरली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघी बसत. धाकटी प्रश्न विचारी, थोरली उत्तरं देई. मग कधीतरी धाकटीच्या प्रश्नांना उत्तरं देण्याआधी थोरलीला जरा वेळ लागायला लागला. मग धाकटी प्रश्न विचारेनाशी झाली. मग ऑफिसातली माणसं अडली की उठून फळीच्या पलीकडच्या बाजूला जायला लागली. जाताना थोरलीकडे बघून हसायची, आणि ते हसू असं असायचं, जसं आपण डॉक्टर बदलल्यावर जुना डॉक्टर रस्त्यात भेटला की हसतो.

याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. घरात तर नाहीच. घरात सासूबाईंचा न्याय काटेकोर होता. एका सुनेला छत्री आणली की दुसरीलाही तीच, त्याच रंगाची. डबेही एका मापाचे, एका झाकणाचे. रोज जेवणानंतर त्या सफरचंद चिरायच्या, आणि दोन फोडी दोन तळहातांवर ठेवून डोळे बारीक करून बघायच्या. दोघी सारख्याच गुणी, हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणत की आता त्याला चवच उरली नव्हती.

"आज पण पडलं का गं तुमचं ते?" त्या रात्री त्यांनी विचारलं.

"पडलं," धाकटी म्हणाली.

"कोणामुळे?"

धाकटीचा नवरा घाईघाईनं म्हणाला, "आई, होतं असं. यंत्र आहे ते."

"मी कुठे काय म्हणतेय. नीट व्हायला हवं, एवढंच." सासूबाईंनी फोड थोरलीच्या ताटलीत ठेवली. दुसरी तिच्याच बरोबरीची, धाकटीच्या.

थोरलीनं ती सावकाश खाल्ली. तिला वाटलं, किती दिवसांनी सफरचंद गोड निघालं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिनं उगाचच मागचे पंचनामे पुढ्यात ओढले. खरं सांगायचं तर ते नाव पुन्हा पुन्हा वाचायला तिला बरं वाटत होतं. बटणं, बटणं, बटणं. वाचता वाचता तिची नजर नावावरून डावीकडे, पत्त्यावर गेली. पत्ता प्रत्येक वेळी तोच होता. आणि त्याच्या शेवटी ओळीनं शून्यं होती.

इतका गोल पत्ता?

तिनं चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. यंत्र पडतं ते कुठेतरी मध्येच, आडनिड्या जागी. माणूस ठेचकाळतो तेव्हा मैलाच्या दगडाशीच ठेचकाळतो असं थोडंच आहे?

यंत्राची स्मृती म्हणजे एक उंचच उंच इमारत धरली, तर कर्नल तिचे मजले मोजतो, खोल्या नाही. या मजल्यांना पानं म्हणतात. कुठलाही पत्ता आला की खालचे आकडे छाटायचे आणि मजल्याच्या सुरुवातीला यायचं, ही तिथली रीतच. थोरलीचा पंचनामाही तेच करायचा. मेलेल्याचा पत्ता घ्यायचा, छाटायचा, मजल्यावरचं पहिलं दार वाजवायचं आणि विचारायचं, इथे कोण राहतं? जुन्या बोर्डावर मजले लहान होते, मजल्यावर एकच बिऱ्हाड. पहिलं दार वाजवलं की गुन्हेगारच बाहेर यायचा. नव्या बोर्डाचं एकेक पान सोळापट मोठं. एवढा मजला एकाच बिऱ्हाडाला दिला असता तर जागा पुरली नसती, म्हणून लहान लहान भाग एकाच पानात दाटीवाटीनं बसवले होते. तशी सोय लावली होती धाकटीनं, आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. त्या मजल्यावर पहिलं दार होतं बटणांचं. आता मजल्यावर कोणीही मेलं तरी दार वाजणार होतं तेच.

सर्वांत लागलं ते वेगळंच. पानाचा आकार तिनं आकडा टाकून पक्का केला नव्हता. यंत्रालाच विचार, असं लिहिलं होतं; उद्या पानं मोठी झाली तरी चालेल म्हणून. या दूरदृष्टीचा तिला केवढा अभिमान. पानं मोठी झाली, आणि तिच्या दूरदृष्टीनं आज्ञाधारकपणे सोळापट जास्त छाटलं.

ती उठली. फळीच्या पलीकडे धाकटीची मान बोर्डावर वाकलेली दिसत होती, मानेवरचे केस घामानं चिकटलेले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

थोरलीनं बाटली भरून आणली आणि परत जागेवर बसली. एवढी हुशार आहे ना, तिला शोधू दे की, असं तिनं मनाशी म्हटलं. मग संध्याकाळपर्यंत तिनं काहीच काम केलं नाही. बसमध्ये धाकटीनं तिच्यासाठी खिडकी सोडली. थोरलीनं खिडकीशी बसून बाहेर पाहिलं आणि बाहेर काय होतं ते तिला घरी पोचल्यावर आठवेना. त्या रात्रीचं सफरचंद बेचव होतं.

गुरुवारी डब्यांची अदलाबदल झाली. दुपारी झाकण उघडलं तर आत जास्त तिखट भाजी, धाकटीची. थोरली डबा घेऊन फळीला वळसा घालून गेली. धाकटी जागेवर नव्हती. टेबलावर बोर्ड उताणा पडला होता. बटणांची पट्टी काढून बाजूला ठेवलेली, तिच्यावर दोन दिवसांची धूळ. आणि मोजायच्या यंत्राच्या दोन्ही चिमट्यांनी जी तार धरली होती ती घंटेची होती.

घंटेचा भाग साहेबांचा. त्यांनी तरुणपणी लिहिलेला. त्याला कोणी हात लावत नसे, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा. घंटाही त्याच पानावर राहत होती, चार दारं सोडून.

पंचनाम्यावर विश्वास असलेली बाई घंटेची तार धरून बसणार नाही.

"वहिनी, डबा ना? मलाही आत्ताच कळलं," मागून धाकटी आली. हात ओले होते. थोरली कुठे बघतेय ते तिनं पाहिलं आणि हात पुसायचं विसरली.

"घंटा?" थोरली म्हणाली.

"सहज बघत होते."

"सहज बघायला कोणी तार जोडत नाही. कधी दिसलं तुला?"

"काय?"

"अगं, माझ्याशी नाटक नको. पत्ता गोल येतोय ते."

धाकटीनं खुर्ची सरकवली, पण बसली नाही. "दुसऱ्याच पंचनाम्याला."

थोरलीला एकदम आठवलं, ते कपाळावर लिहून घ्यायचं बोलणं. म्हणजे तेव्हाही हिला माहीत होतं.

"आणि इतके दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी, हे बघत बसून राहिलीस. बोलली नाहीस."

"कशी बोलणार वहिनी? पंचनामा तुमचा. तुम्हीच मला तो शिकवलात. सगळ्यांपुढे उभी राहून म्हणू, वहिनींचं चुकलंय?" तिनं आवाज खाली आणला. "वाटलं, घंटेचं मूळ दुखणं सापडलं की पडायचं थांबेल. पंचनाम्याचा विषयच निघणार नाही. गुपचूप दुरुस्त करता येईल."

ती उद्धटपणे बोलली असती तर किती सोपं झालं असतं. थोरलीनं टेबलाची कड धरली. आपल्याला सांभाळून घेतलं जातंय, हे तिला साहेबांच्या कपात दिसलं होतं, लोकांच्या हसण्यात दिसलं होतं. पण धाकटीच्या गप्प बसण्यातही दिसेल असं वाटलं नव्हतं.

"तुम्हाला कधी दिसलं?" धाकटीनं विचारलं.

"काल."

"काल सकाळी?"

थोरलीनं हातातला डबा टेबलावर ठेवला. धाकटीनं पुढे विचारलं नाही. तिनं डबा उचलला, दुसरा थोरलीच्या हातात दिला.

"हा तुमचा. आणि उद्या साहेबांकडून तुमचंच नाव जाऊ दे. मी काही बोलणार नाही. मला खरंच चालेल."

खरंच चालणार होतं तिला. ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि थोरलीला ते काट्यासारखं टोचत राहिलं, जेवताना, बसमध्ये, घराच्या पायऱ्या चढताना.

रात्री ताटं उचलली. दोघी जागेवरच बसल्या होत्या, दोघींचे नवरेही. सासूबाईंनी सफरचंद घेतलं, सुरी टेकवली.

"मग उद्या कोणाचं नाव जायचंय?"

"कोणाचंही गेलं तरी घरातच राहणार की," थोरलीचा नवरा म्हणाला. धाकटा मोठ्यानं हसला, गरजेपेक्षा थोडा जास्तच.

"वहिनींचं," धाकटी म्हणाली.

"छान झालं. तू मोठीच आहेस," सासूबाई थोरलीला म्हणाल्या आणि लगेच धाकटीकडे वळल्या. "तसं हिचं गेलं असतं तरी छानच. दोघी सारख्याच माझ्या."

सुरी मधोमध उतरायला लागली. थोरली त्या हाताकडे बघत होती. म्हातारपणानं तो हात थरथरत होता, तरीही रेघ सोडत नव्हता. किती जपून.

"आई, थांबा जरा."

सुरी थांबली.

"उद्या मी साहेबांना हिचं नाव द्यायला सांगणार आहे. आणि पंचनामा चुकीचा होता, तेही."

"वहिनी, असू दे ना—"

"असू दे नाही. सारख्या-बिरख्या काही नाही आम्ही. ही माझ्यापेक्षा हुशार आहे. ऑफिसला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि मला कळू नये म्हणून तुम्ही सगळे केव्हाचे दमलायत."

कोणी मान वर केली नाही. धाकट्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं. ते काढून कुठे ठेवावं, त्याला कळेना. धाकटी टेबलावरचे ओले डाग बोटानं जोडत बसली.

"मला हिचा हेवा वाटतो, आई," थोरली म्हणाली. "आता कापा कसंही."