तीन नंबरची पेटी

विश्वास कोणावर ठेवाल? बावीस वर्षं गोदाम सांभाळणाऱ्या माणसावर, की छापून आलेल्या आकड्यावर? घाई नको, आधी माझं ऐका. मी त्या गोदामाच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामची एक ओळ बोलतेय.

मला मालकांच्या भाचीनं लिहिलं. काम एकच, दूध-पावडरीच्या खराब पेट्या सांगायच्या. पण विचारणारा जेवढी जागा देईल तेवढंच मी बोलते. यादीची जागा दिली, तर एकेका पेटीचा नंबर सांगते. एकाच आकड्याची दिली, तर पेट्या किती एवढंच. दोन्ही खरंच. भाचीनं मला यादीच्या जागी बसवलं आणि ती नोकरीसाठी परगावी गेली.

गोदामवाले काका रोज सकाळी पडद्यावरचे नंबर मोठ्यानं वाचायचे. हमालांना म्हणायचे, "उचला रे हे पाहुणे, कोपऱ्यात बसवा!"

मग मालकांना छापील चिठ्ठीची हौस आली. त्यांच्या जावयांनी ती बनवली. 'बाजूला काढायची पेटी', आणि पुढे एकच चौकट. मला उचलून तिथे कोंबलं. त्या दिवशी सात, एकोणीस आणि एकतीस नंबरच्या पेट्या खराब होत्या. चौकटीत मावलं ते मी सांगितलं: ३.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "जावईबापू, तीन नंबरची कालच आलीय. सील कोरं आहे तिचं."

"काका, चष्मा बदला. कॉम्प्युटरला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

काकांनी ती चांगली पेटी कोपऱ्यात ठेवली. खराब तिन्ही पेट्या दुकानांत गेल्या. दोन दिवसांत अकरा लेकरं आजारी पडली.

मालकांनी जावयाला विचारलं? छे! घरचा माणूस तो. बोलावणं काकांना.

"इतकी वर्षं झाली, साधा नंबर वाचता येईना?"

"चिठ्ठीत तीनच होतं, मालक. भाचीताईंना एक फोन तरी लावा."

"तिला कशाला त्रास? किल्ल्या ठेवा इथं."

काकांनी जुडगा मेजावर ठेवला. मी समोरच होते, पण मला कोणी विचारलं नाही. विचारल्याशिवाय बोलायची माझी सोय नाही.

त्याच संध्याकाळी जावयांनी दार लावून चिठ्ठीत यादीची जागा केली आणि नवी ओळ लिहिली. म्हणजे चूक कुठे होती, ते त्यांना नेमकं कळलं होतं. कॉम्प्युटरनं मला वगळावं अशी एक खूण माझ्यापुढे टाकून मला मुकं केलं. आता मी नुसती पडून आहे. गोदामाच्या नुकसानीच्या वहीत मात्र लिहिलंय, 'गोदामवाल्याचा निष्काळजीपणा'.

तुम्हीही काही ना काही चालवत असाल. एवढं करा, हिशेब खरा ठेवा. नुकसान लिहाल, तिथे ते कोणाच्या हातून झालं, तेही खरं लिहा.