बाजेसकट परत आलेली गाय

गाय परत आली ती बाजेसकट.

सोमलिंग त्या वेळी छावणीच्या मोकळ्या रानात एकटाच बसून भाकरी खात होता. हमरस्त्यावरून हैदराबादकडचा एक ट्रक हॉर्न वाजवत आला, आणि लगोलग भीमनगरच्या वाटेनं धुळीचा लोट उठला. धुळीतून आधी तांबडी गाय बाहेर पडली, मग तिच्या दाव्याला बांधलेली तीन पायांची बाज, आणि बरीच मागं पदर खोचून पळत येणारी भिमाबाई. गायीनं सोमलिंगकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ रस्ता ओलांडून बानूबाईच्या ढाब्यासमोर थांबलेल्या ट्रकपाशी गेली. बाज ढाब्याच्या बाकड्यात अडकली, तेव्हा कुठं ती थांबली.

"भाऊसाहेब, ही घ्या तुमची गाय," भिमाबाई धापा टाकत म्हणाली. "शेणागोवऱ्याला हुईल म्हणून नेली व्हती. घरातलं व्हतं नव्हतं रस्त्यावर आणलं की हिनं!"

"पण बाजेला कशाला बांधायची?"

"मग कशाला बांधू? खुंटा तर कालच हिनं उपटून नेला."

सोमलिंगच्या मनात एक शंका आली. विचारावी की नको, असं करत त्यानं अखेर विचारलं, "बाजेवर... कुणी होतं का?"

"मामंजी व्हते. फाटकापातूर आले, मग उतरले."

"उतरले?"

"पडलेच म्हणा. लागलं न्हाय काई, पर रुसून बसल्यात. म्हणत्यात, ह्या घरात एक तर गाय ऱ्हाईल न्हायतर मी." तिनं दाव्याची गाठ सोडायला घेतली. "आन मला त्यांचीच भाकर करायची सवय हाय."

बाज डोक्यावर घेऊन भिमाबाई गेली. सोमलिंगनं राहिलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. भूक मेली होती. भिमाबाईच्या आधी गाय नेलेल्या बब्रुवाननं ती परत आणून सोडली त्यालाही अजून पुरता आठवडा झाला नव्हता. बब्रुवानच्या घरून रस्त्याकडं धावताना ती चुलत्याच्या उभ्या मुगातून गेली होती आणि दोन घरांचं मिटत आलेलं भांडण पुन्हा पेटलं होतं. "गाय दिलीत का वकिलाची नोटीस?" असं बब्रुवान चारचौघांत म्हणाला होता.

सोमलिंग खरं तर तालुक्याच्या सहकारी संघातला कारकून. बाहत्तरच्या दुष्काळात संघानं नळदुर्गच्या अलीकडं हमरस्त्यालगत गुरांची छावणी उघडली आणि चेअरमन सिद्रामप्पांनी ती त्याच्या गळ्यात बांधली. 'मला गुरांतलं कळत नाही' हे वाक्य त्यानं मनात जुळवेपर्यंत अप्पा जीपमध्ये बसून गेलेही होते. मग वर्ष पालटलं, रानं हिरवी झाली, ज्यानं त्यानं आपापली जनावरं सोडून नेली. उरली ती ज्यांचे धनी पोटासाठी पुण्या-मुंबईकडं गेले आणि परतलेच नाहीत अशांची. "त्यांना घरं बघून दे," अप्पांनी फर्मावलं. ज्या माणसाला सख्ख्या बहिणीसाठी एक स्थळ धड बघता आलं नव्हतं, तो वाड्यावस्त्यांवर गुरांसाठी स्थळं शोधत फिरू लागला. बैल हातोहात गेले. कालवडी गेल्या. एक आंधळी म्हैससुद्धा गेली. राहिली ही तांबडी, म्हातारी, भाकड, एक शिंग कानावर उतरलेली.

म्हातारपणाचंही काही नव्हतं. दारात गाय असावी म्हणून नेणारे भेटत होते. खोड होती ती हॉर्नची, आणि ती सोमलिंगनंच लावली होती.

त्या उन्हाळ्यात जनावरं बसली की उठत नसत. बसलेलं जनावर उठलं नाही की संपलं, एवढं त्याला पहिल्या काही दिवसांतच कळून चुकलं. पोटाखाली वासे घालून चार चार माणसं त्यांना उभं करत, आणि माणसांच्या अंगात तरी कुठं बळ होतं! कडब्याचा ट्रक वळणावर आला की ड्रायव्हर सहज हॉर्न वाजवायचा. एका सकाळी सोमलिंगनं पाहिलं, हॉर्न ऐकून ही तांबडी गुडघे टेकत, थरथरत, आपली आपण उभी राहिली. ती उठली म्हणून शेजारचा खोंड उठला. खोंड उठला म्हणून पुढची दावण हलली. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, उद्यापासून वळणावरच्या चिंचेपासूनच हॉर्न धरायचा, गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही. महिनाभरात वासे नुसते पडून राहिले. इतकंच कशाला, घरी सुट्टीला गेला तर हॉर्न ऐकून सोमलिंग स्वतः ताटावरून उठायचा. बायको म्हणायची, "खुंट्याला बांधू का?"

बाकीची जनावरं रस्त्यापासून लांब गेली आणि विसरली. तांबडी विसरली नाही. तिच्या लेखी हमरस्त्यावरचा प्रत्येक ट्रक तिच्यासाठी कडबा घेऊन येत होता, आणि थांबत नव्हता ही ट्रकची चूक होती. ढाब्यापुढं मात्र ट्रक थांबत. म्हणून ती ढाब्यावर.

दुपारी अप्पांची जीप आली. छावणीचं रान त्यांचंच होतं आणि त्यांना ज्वारी पेरायची होती.

"हाय का अजून?" अप्पांनी जीपमधूनच विचारलं.

"आहे."

"सोमलिंग, ती गाय हाय का एष्टी? सगळ्या गावाला जाऊन पुन्हा ष्टँडावर!" अप्पा स्वतःच्या विनोदावर हसले, मग हसू आवरून म्हणाले, "उद्या बाजार हाय. हेड्याला सांगून ठिवलंय म्या. टेंपो लावून दे आन मोकळा हो. कच्चीबच्ची वाट बघत असतील तुझी."

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. भाकड गाय हेड्याच्या हाती गेली की पुढं कुठं जाते, हे कुणी विचारत नसे आणि कुणाला ठाऊक नाही असंही नसे.

'नाही' म्हणायला सोमलिंगनं तोंड उघडलं आणि त्यातून "बरं" बाहेर पडलं.

जीप गेल्यावर तो स्वतःवर चरफडत बसला. या गायीचं सगळं असंच 'बरं' म्हणून झालं होतं. छावणीत तिला सोडायला दगडाबाई नावाची म्हातारी आली होती. मुलगा-सून कामाला निघाले होते आणि ट्रक तिच्यासाठी खोळंबला होता. दावं सोमलिंगच्या हातात देताना ती म्हणाली होती, "लेकरा, मेली तर मरू दे हितंच. पर बाजार दावू नगंस हिला." मागं रांग लागली होती. तो घाईत "बरं" म्हणाला होता. म्हातारीनं त्याच्या हनुवटीला हात लावला आणि गेली. त्या दोन 'बरं'पैकी आता एक मोडावं लागणार होतं, आणि अप्पांना दिलेलं मोडायची छाती आपल्यात नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून बानूबाईची हाक आली. "ओ कारकून! न्या की हो ही बला माझ्या दारातून!"

बानूबाई ढाब्याची मालकीण. नवरा गेल्यावर तिनं चूलही सांभाळली आणि ड्रायव्हर लोकांची तोंडंही. गाय परत आली की दर वेळी ती हेच ओरडायची. गाय बाकड्यांच्या मधे उभी राहते, गाय पिठाच्या डब्यात तोंड घालते, गाय गिऱ्हाईकाकडं टक लावून बघते.

"उद्या नेतो," सोमलिंग म्हणाला.

"उद्या, उद्या! तौबा, तुमचं उद्या कधी उगवतच न्हाय."

दुसऱ्या सकाळी ते उगवलं. सोमलिंग दावं घेऊन रस्ता ओलांडायला निघाला. अप्पांना सांगायचं वाक्य त्यानं रात्रीच जुळवलं होतं आणि सकाळपासून तो ते घोकत होता: 'अप्पा, मी एका बाईला शब्द दिलाय, गाय बाजारात जाणार नाही.' सोपं वाक्य होतं. हजेरीपटावर नाव वाचावं तसं वाचून टाकायचं.

ढाब्यापुढं ट्रकची रांग लागली होती. एरवी सकाळी एखाद-दुसरा असायचा. एक दाढीवाला ड्रायव्हर पायरीवर बसून गायीला भाकरी भरवत होता. दुसऱ्यानं तिच्या कपाळाला हात लावून तो आपल्या छातीला लावला, मग बॉनेटला लावला आणि चहा मागवला. बानूबाई चुलीपुढं जाड जाड भाकऱ्या थापत होती. तिच्या उजव्या हाताला चांगल्या भाकऱ्या होत्या आणि डाव्या हाताला कोंड्याच्या, वेगळ्या चळतीत.

"ह्या कुणासाठी?" सोमलिंगनं विचारलं.

"कुणासाठी म्हंजे? लोक मागत्यात. घाट चढायच्या आधी गायीला घास दिला की गाडी बिघडत न्हाय म्हणत्यात. मी कोण न्हाय म्हणणारी?" तिची नजर त्याच्या हातातल्या दाव्यावर गेली. "हे काय?"

"गाय न्यायला आलोय. बाजारात."

"कुणी सांगितलं?"

"बानूबाई, रोज तुम्हीच तर ओरडता, न्या म्हणून!"

"न्या म्हणले. बाजारात न्या म्हणले का?" बानूबाईनं तव्यावरची भाकरी अशी उलटली की सोमलिंग एक पाऊल मागं सरला. "न्या म्हंजे कुठंतरी न्या, बांधा, शिकवा. शिकलेला माणूस न्हवं तुम्ही?"

इतके दिवस ही बाई त्याचं डोकं खात होती, आणि आता गाय न्यायला आला तर गुन्हेगारही तोच! तो चिडून काहीतरी बोलणार, इतक्यात अप्पांची जीप येऊन थांबली. मागं टेंपो होता.

"बांधली का न्हाय अजून?" अप्पा खाली उतरले. "हेडी खोळंबलाय तिकडं."

हीच ती वेळ होती. वाक्य तयार होतं. त्यानं श्वास घेतला आणि म्हणाला, "अप्पा, मी एका बाईला..."

वळणावर ट्रकनं हॉर्न धरला. चिंचेपासून जो धरला तो ढाब्यापर्यंत सोडला नाही. सोमलिंगचे ओठ हलत राहिले. शब्द, बाजार, गाय, सगळं त्या आवाजाखाली गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तो चेअरमनला पूर्ण वाक्य बोलला, आणि ते त्याला स्वतःलासुद्धा ऐकू आलं नाही.

"काय?" अप्पा कानाला हात लावून ओरडले. "काय म्हणतोस?"

गाय मात्र निघाली होती. ट्रक थांबला तिथं जाऊन तिनं मान वर केली. नवा ड्रायव्हर खाली उतरला, तिला बघून त्यानं टोपी काढली आणि चुलीकडं बघत विचारलं, "मावशी, गाय कुणाची?"

सोमलिंगनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी टेंपोकडं पाहिलं.

"माझी," बानूबाई म्हणाली.

अप्पा म्हणाले, "तुझी? कालपातूर तर शिव्या घालत व्हतीस."

"मग? आपल्याच माणसाला घालत्यात शिव्या. तुमच्या घरी न्हाय घालत?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "चेअरमनसाब, तुमचं रान मोकळं झालं न्हवं? मग टेंपो कशाला उभा करून ठिवलाय माझ्या दारात? गिऱ्हाईकाची वाट अडली."

अप्पांनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. आपलं रान, आपली ज्वारी, आपलं जातंय काय, असा तो विचार असावा. "हेड्याला काय सांगू?" एवढं ते पुटपुटले, आणि टेंपोवाल्याला हात करून निघाले. जाता जाता सोमलिंगला म्हणाले, "तू काहीतरी म्हणत व्हतास रे."

"नाही," सोमलिंग म्हणाला. "काही नाही." आणि लगेच त्याला वाटलं, हे 'नाही' आधी यायला हवं होतं.

तो बाकड्यावर मटकन बसला. बानूबाईनं न मागता चहा पुढं ठेवला आणि सुनवायला सुरुवात केली. छावणीत उरलेला कडबा सगळा इकडं टाकायचा. पत्र्याचा आडोसा करून द्यायचा, पावसात ती कुठं उभी ऱ्हाईल? रस्त्याच्या कडेला दगडांचा बांध घालायचा, म्हणजे ती आंगणातच थांबेल. आणि तिचं नाव काय, ते तिच्या आधीच्या धन्याला विचारून सांगायचं.

"म्हातारी कुठं आहे, मलाच माहीत नाही."

"मग शोधा. हुडकाहुडकी करायचीच तर सवय झालीय तुम्हाला."

एवढं करूनही आपण काय केलं, हे सोमलिंगला सांगता आलं नसतं. उभ्या आयुष्यातलं एक धाडस त्यानं केलं ते हॉर्नखाली गेलं, आणि गायीला घर मिळालं ते त्यानं स्वतः लावलेल्या खोडीमुळं. दगडाबाई कधी या रस्त्यानं आलीच, तर तिला यातलं काय सांगायचं? गाय आहे एवढंच सांगावं. गाय समोरच बसली होती, डोळे मिटून रवंथ करत. त्यानं बशीत चहा ओतला.

चिंचेजवळ हॉर्न वाजला. गाय गुडघ्यांवर आली आणि उठली. बशी हातात धरून सोमलिंगही उठला.

"बसा भाऊसाहेब," बानूबाई चुलीपुढून म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाय वाजला."